हाताची कुठली बाजू दिसतेय? इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या शिव्या आणि खुणा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलं शिकायला-कामाला कुणी लेस्टरला जातात, कुणी सिडनीला, कुणी टेक्सासला. भाषा सगळीकडे इंग्रजीच. तरी एका देशात सर्रास चालणारा शब्द किंवा हातवारा दुसऱ्या देशात भांडण ओढवून आणतो. असं का होतं, आणि निघण्यापूर्वी नेमकं काय माहीत असावं?

शिव्यांची यादी पाठ करून फारसं साधत नाही. शब्द तोच राहतो, वजन बदलतं. सिंधुदुर्गात ‘तुझ्या आवशीचो घो’ म्हणत मित्राच्या पाठीवर थाप पडते. तेच पुण्यातल्या सोसायटीच्या सभेत म्हणून पाहा. वजन ठरतं ते त्या समाजाची दुखरी नस कुठे आहे त्यावर. अमेरिकेत ती वंशाची आहे, आणि जुन्या पिढीत धर्माचीही. ब्रिटनमध्ये वसाहतींमधून आलेल्या लोकांना मिळालेल्या वागणुकीची आहे, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळाची. ऑस्ट्रेलियात साध्या शिवीपेक्षा समोरच्याचा ताठा जास्त टोचतो. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचे तपशील आपोआप जागेवर बसतात.

आधी हात. सगळ्यात जास्त गफलत होते ती दोन बोटांच्या ‘व्ही’त. तर्जनी आणि मधलं बोट वर, तळवा समोरच्याकडे असेल तर विजय किंवा शांतता. तळवा स्वतःकडे आणि बोटांची मागची बाजू समोरच्याला दिसत असेल, तर ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ती सरळसरळ शिवी. मनगटाला वरच्या दिशेने झटका दिला की शंकाही उरत नाही. अमेरिकेत मात्र हा उलटा व्ही कुणाच्या खिजगणतीत नाही. म्हणूनच जॉर्ज बुश (थोरले) २ जानेवारी १९९२ रोजी कॅनबेरात मोटारीतून जाताना निदर्शनं करणाऱ्या शेतकऱ्यांना विजयाची खूण म्हणून उलटा हात दाखवून बसले. शेतकरी अमेरिकेच्या शेती अनुदानांवर आधीच चिडलेले होते.

ही चूक एकट्या परक्यांचीच नाही. व्हीची मोहीम जानेवारी १९४१ मध्ये बीबीसीवरून बेल्जियमचे माजी मंत्री व्हिक्टर द लाव्हले यांनी सुरू केली, आणि चर्चिलनी ती उचलली. सुरुवातीच्या काही छायाचित्रांत चर्चिल यांचा तळवा आतच आहे. घोडेस्वार हार्वी स्मिथने १९७१ मध्ये हिकस्टेडच्या स्पर्धेत परीक्षकांच्या दिशेने उलटा व्ही केला. आधी त्याचं बक्षीस गेलं. ‘ती विजयाची खूण होती’ असा युक्तिवाद झाला आणि दोन दिवसांनी निर्णय फिरला. त्यानंतर बरीच वर्षं ब्रिटनमध्ये या खुणेला त्याच्याच नावाने ओळखत.

एजिनकोर्टच्या १४१५ च्या लढाईची गोष्ट मात्र सोडून द्या. फ्रेंच लोक इंग्रज तिरंदाजांची दोन बोटं कापत, म्हणून तिरंदाज ती दाखवून खिजवत, असं सांगतात. बोटं कापण्याच्या धमकीचा उल्लेख तेव्हाच्या बखरकारांकडे सापडतो, पण तिथे बोटं तीन आहेत आणि ती दाखवून खिजवल्याचं कुठेही नाही. ठोस पुरावा हवा तर तो १९०१ चा आहे: रॉदरहॅमजवळच्या पार्कगेट लोखंड कारखान्याच्या फाटकावर मिचेल आणि केन्यन यांनी केलेल्या चित्रीकरणात एक कामगार कॅमेऱ्याला वैतागून ही खूण करताना स्पष्ट दिसतो.

व्यवहारात घोळ होतो तो मोजताना. गजबजलेल्या पबमध्ये काउंटरपलीकडच्या माणसाला ‘दोन’ सांगताना आपल्याकडचे बरेच जण हात छातीजवळ ठेवून बोटांची पाठ दाखवतात. तळवा बाहेर ठेवा, किंवा तोंडाने ‘टू, प्लीज’ म्हणा. फोटोत गालाजवळ उलटा व्ही करण्याची कोरियन-जपानी ढब आता ब्रिटिश पोरांनीही उचलली आहे, त्यामुळे हसऱ्या सेल्फीत कुणी रागावणार नाही. गाडी चालवताना, रांगेत किंवा स्टेडियमवर तीच खूण गेली तर सेल्फीची सबब चालत नाही.

मधल्या बोटाला भाषांतर लागत नाही. ते अमेरिकेत जुनं आहे: १८८६ मधल्या बेसबॉल संघाच्या सामूहिक छायाचित्रात बॉस्टनचा चार्ल्स रॅडबर्न ते दाखवतोय. आज ते इंग्रजी जगात सगळीकडे कळतं. दक्षिण आफ्रिकेत त्याला ‘झॅप साइन’ म्हणतात. फरक आहे तो परिणामांत. अमेरिकेत २०१७ मध्ये मिशिगनमध्ये एका बाईला पोलिसाने वेगमर्यादेऐवजी साधा, कमी दंडाचा गुन्हा लावून सोडलं. जाताजाता तिने बोट दाखवलं, तर त्याने पुन्हा थांबवून मूळ वेगाचाच गुन्हा लावला. २०१९ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की बोट दाखवणं असभ्य असेल, पण ते अभिव्यक्तीच्या हक्कात येतं आणि त्यावरून गाडी पुन्हा अडवता येत नाही. कॅनडात क्वीबेकच्या एका न्यायाधीशाने २०२३ मध्ये शेजाऱ्यांच्या भांडणात असाच निकाल दिला. उलट दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये केप टाउनच्या एका विद्यार्थ्याला राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या ताफ्याला बोट दाखवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी उचललं आणि कोठडीत ठेवलं.

म्हणजे अमेरिकेत कायदा तुमच्या बाजूने आहे, पण पलीकडच्या गाडीत पिस्तूल असू शकतं हेही तितकंच खरं. रस्त्यावर कुणी बोट दाखवलं तर नजर समोर ठेवून पुढे जायचं. आपल्या मुलांना हा हक्क भारतात आहे असं वाटून चालणार नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने केलेला शब्द किंवा हावभाव भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे.

मैदानावरचा हिशोब वेगळा. विराट कोहलीने जानेवारी २०१२ मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांना मधलं बोट दाखवलं, त्यात निम्मं मानधन गेलं. आयसीसीच्या आजच्या आचारसंहितेत अश्लील हातवारा पहिल्या पातळीचा गुन्हा आहे: ताकीद ते निम्म्या मानधनाचा दंड, शिवाय एक किंवा दोन अवगुण (डिमेरिट पॉइंट), आणि चोवीस महिन्यांत चार अवगुण जमले की बंदी.

सिडनीत आपल्या लोकांची खरी फजिती करंगळीने होते. आपल्याकडे शाळेत करंगळी वर करणं म्हणजे ‘बाई, एकीला जाऊ?’. न्यू साउथ वेल्सच्या रस्ते विभागाने २००७ मध्ये भरधाव गाडी हाणणाऱ्या तरुणांविरुद्ध एक जाहिरात काढली. त्यात रस्त्याकडेच्या बायका, म्हाताऱ्या, सोबतची मुलंसुद्धा करंगळी वाकवून हलवतात. अर्थ: ‘तुझं एवढंसंच आहे, म्हणून गाडी पळवतोस.’ जाहिरात गाजली आणि खूण तिथल्या बोलीत बसली. ऑस्ट्रेलियन वर्गमित्रांसमोर स्वच्छतागृह विचारायचं असेल तर शब्दांनी विचारा.

अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ, म्हणजे ‘ओके’, हे प्रकरण मुख्यतः अमेरिकेत नाजूक झालंय. २०१७ मध्ये फोरचॅन या इंटरनेटवरच्या चर्चास्थळावर काही टवाळांनी ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची गुप्त खूण असल्याची अफवा मुद्दाम पसरवली. पुढे खरोखरीच्या वर्णद्वेष्ट्यांनी ती उचलली. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवर गोळीबार करणाऱ्या हल्लेखोराने न्यायालयात ती केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँटी-डिफेमेशन लीग या वंशद्वेषावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेने ती द्वेषचिन्हांच्या यादीत घातली; पण बहुतेक वेळा ती अजूनही साधी ‘ठीक आहे’चीच खूण असते, हेही त्यांनी तिथेच लिहिलं. पाण्याखाली डायव्हिंग करणाऱ्यांना पर्याय नाही, त्यांची अधिकृत खूण तीच. बाकीच्यांनी कंपनीच्या गटफोटोत आणि गणवेशात टाळावी. अमेरिकेच्या लष्करी आणि नौदल अकादमींमधल्या २०१९ च्या आर्मी-नेव्ही फुटबॉल सामन्यात कॅमेऱ्यासमोर ती करणाऱ्या कॅडेटांची चौकशी लागली. मुलं एकमेकांना फसवण्याचा साधा खेळ खेळत होती असं निघालं, पण तोवर बातमी देशभर गेली होती.

टेक्सासला जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तर्जनी आणि करंगळी वर केलेली शिंगं ही टेक्सास विद्यापीठाची अभिमानाची खूण. तीच शिंगं जमिनीकडे उलटी केली की अपमान, इतका की २०१८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या खेळाडूंना त्यासाठी पंधरा यार्डांची शिक्षा झाली. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या दुनियेबाहेर हे फारसं कुणाला कळणारही नाही. वर केलेल्या अंगठ्याची मात्र इंग्रजी देशांत काळजी करू नका.

आता शब्द. एक गट अगदी सोपा, कारण तिथे अर्थच वेगळा आहे आणि चूक झाली तर लोक हसून सोडतात. ‘फॅनी’ अमेरिकेत बूड. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात स्त्रीचं जननेंद्रिय. म्हणून कमरेच्या पाऊचला तिकडे ‘बम बॅग’ म्हणायचं. ‘रबर’ आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये खोडरबर, अमेरिकेत निरोध. तिथे ‘इरेझर’ मागा. ऑस्ट्रेलियात ‘रूट’ म्हणजे संभोग, तेव्हा ‘मी भारतासाठी रूट करतोय’ (म्हणजे भारताला पाठिंबा देतोय) असं अमेरिकन वळणाचं वाक्य मेलबर्नच्या मैदानात हशा पिकवतं. ‘थाँग्ज’ तिथे पायातल्या स्लिपर, अमेरिकेत तोकडं अंतर्वस्त्र. ‘पिस्ड’ अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये टल्ली. ‘पँट्स’ ब्रिटनमध्ये आतले कपडे, बाहेरच्यांना ‘ट्राउझर्स’. ‘फॅग’ला मात्र हसून सोडत नाहीत: ब्रिटनमध्ये सिगारेट, अमेरिकेत समलिंगी पुरुषांना दिली जाणारी घाणेरडी शिवी. ‘गिट’ म्हणजे ब्रिटनमध्ये नालायक माणूस, आणि हाउस ऑफ कॉमन्समध्ये असंसदीय म्हणून सभापतींनी अडवलेल्या शब्दांत त्याचा समावेश आहे. आपल्या गुलाबजामच्या ‘गिट्स’ पाकिटाकडे बघून कुणी इंग्रज का हसतो, ते यावरून कळेल.

दुसरा गट कठीण, कारण अर्थ एकच आणि वजन वेगळं. ‘ब्लडी’ घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याने २००६ मध्ये ‘अहो, मग तुम्ही आहात तरी कुठे?’ अशा अर्थाची, त्यात ‘ब्लडी हेल’ असलेली जाहिरात जगभर लावली. ब्रिटनच्या दूरचित्रवाणी जाहिरात तपासणी संस्थेने ‘ब्लडी’वरून ती अडवली. मग ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनमंत्री लंडनला गेल्या आणि बंदी उठली. कॅनडात आक्षेप ‘ब्लडी’वर नव्हता, ‘हेल’वर होता. एकच वाक्य, दोन देश, दोन वेगळ्या जागी ठेच. ‘बगर’चंही तसंच. टोयोटाच्या १९९९ च्या जाहिरातीत न्यूझीलंडचा शेतकरी जवळजवळ तेवढा एकच शब्द बोलतो. तक्रारी आल्या, त्या फेटाळल्या गेल्या.

न्यूझीलंडची सहनशक्ती मोजायची तर डिसेंबर २०२२ चं उदाहरण बघा. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न संसदेत विरोधी पक्षाचे डेव्हिड सीमोर यांच्याबद्दल पुटपुटल्या, ‘उद्धट’ आणि पुढे ‘प्रिक’ (पुरुषाच्या लिंगावरून आलेली शिवी). माइक चालू होता. त्यांनी माफी मागितली. मग दोघांनी मिळून इतिवृत्ताच्या त्या पानावर सह्या केल्या, लिलाव झाला आणि प्रोस्टेट कर्करोगाच्या संस्थेला एक लाखाहून जास्त न्यूझीलंड डॉलर मिळाले. हे वॉशिंग्टनमध्ये असं संपलं असतं का, याची शंकाच आहे.

सर्वांत जड शब्द ‘सी’ने सुरू होणारा, स्त्रीच्या जननेंद्रियावरचा. अमेरिकेत तो बाईला उद्देशून जातो आणि नोकरी घालवू शकतो. ब्रिटनमध्ये बहुतेकदा पुरुषच पुरुषाला म्हणतो. जडच, पण तेवढा स्त्रीद्वेषी मानत नाहीत. स्कॉटलंड आणि ऑस्ट्रेलियात मित्रांच्या कोंडाळ्यात तो ‘माणूस’ या अर्थानेही फिरतो. सिडनीत एका आंदोलकाने पंतप्रधान टोनी अॅबट यांच्याविरुद्धच्या फलकावर हाच शब्द चतुराईने लिहिला होता. कनिष्ठ न्यायालयाने दोषी धरलं, पण २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने सोडलं: शब्द अभिरुचीहीन, पण ऑस्ट्रेलियात आता गुन्हा म्हणण्याइतका नाही. यावरून सगळं माफ आहे असं समजू नका. त्याच राज्यात सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य भाषेसाठी पोलीस जागेवर दंड करू शकतात, आणि २०१४ मध्ये तो १५० वरून ५०० डॉलरवर गेला. ऑस्ट्रेलियन सहकारी तुम्हाला तो शब्द हसत म्हणाला तर ती जवळीक. तुम्ही पहिल्याच महिन्यात परत म्हणालात तर वातावरण गार पडतं, कारण सूर, हसू आणि वेळ यांचा अंदाज अजून आलेला नसतो. नवख्याने शिवी ओळखायला शिकावं, वापरायला नाही.

‘बास्टर्ड’ आपल्यासाठी खास आहे. ऑस्ट्रेलियात तो जवळजवळ सर्वनाम. बॉडीलाइन कसोटी मालिकेत इंग्लंडचा कर्णधार जार्डिन तक्रार घेऊन आला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक रिचर्डसनने आपल्याच खेळाडूंना ‘या बास्टर्डला कुठल्या बास्टर्डने बास्टर्ड म्हटलं?’ असं विचारल्याचं सांगतात. आपल्याकडे तो आईवर जातो. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉगने कुंबळे आणि धोनीला हाच शब्द वापरला, आणि भारतीय संघाने तक्रार केली, जी कुंबळेने नंतर मागे घेतली. त्याच सामन्यात हरभजनवर ऑस्ट्रेलियाच्या कृष्णवर्णीय वंशाच्या सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप होता. ऑस्ट्रेलियनांच्या दृष्टीने हा वर्णद्वेष, कारण त्या शब्दामागे तिथला काळ्या माणसांचा इतिहास आहे. त्याआधीच ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्सला माकडाचे आवाज काढून हिणवलं होतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना ती नुसती टिंगल वाटली, आणि तिथेच आपलं चुकलं. अपिलात सचिन तेंडुलकरने साक्ष दिली की ऐकू आलं ते ‘तेरी माँ की’. न्या. जॉन हॅन्सन यांनी २९ जानेवारीला वर्णद्वेषाचा आरोप काढून शिवीगाळीचा ठेवला आणि तीन कसोटींची बंदी निम्म्या मानधनाच्या दंडावर आली. एका संघाला आईवरची शिवी किरकोळ आणि माकड असह्य, दुसऱ्याचं नेमकं उलट.

वंशाचे शब्द तिसरा गट, आणि इथे ‘माहीत नव्हतं’ कुणी ऐकून घेत नाही. पाकिस्तानी संघाला ‘पाकी’ म्हणणं आपल्या घरात क्रिकेट बघताना सहज होतं. धाकट्या बुशनीही जानेवारी २००२ मध्ये पत्रकारांसमोर म्हटलं. ब्रिटनमध्ये मात्र हा शब्द १९७० च्या दशकात आशियाई लोकांना रस्त्यावर गाठून मारणाऱ्या टोळ्यांचा होता, आणि मार खाणाऱ्यांत गुजराती, पंजाबी, मराठी असा भेद नव्हता. ब्रिटनमध्ये कामावर तो उच्चारला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, बोलणारा भारतीय असला तरी. ‘स्पॅझ’ तसाच फसवा: अमेरिकेत धांदरट, ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्यांची टवाळी. शब्द इतका नासला की तिथल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीच्या स्पॅस्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केलं. टायगर वुड्सने २००६ मध्ये स्वतःच्या पटिंगबद्दल तो वापरला तेव्हा अमेरिकेत फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. २०२२ मध्ये लिझो आणि बियॉन्से या दोघी अमेरिकन गायिकांनी गाण्यातून तो काढला.

‘कलर्ड’ दक्षिण आफ्रिकेत मिश्र वंशाच्या लोकांचा जनगणनेतला अधिकृत गट, ब्रिटनमध्ये मात्र काळ्या लोकांचा अपमान. ब्रिटनमध्ये फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क २०२० मध्ये याच शब्दापायी पायउतार झाले. आणि ‘काफिर’! हिंदी गाण्यांमुळे तो आपल्या जिभेवर असतो. जोहान्सबर्गमध्ये हा शब्द काळ्या माणसाला उद्देशून बोलणं म्हणजे वर्णभेदी राजवटीची शिवी. २०१८ मध्ये एका गोऱ्या महिलेला काळ्या पोलिसांवर तो ओरडल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. तिथे गाणं गुणगुणतानाही तो गिळलेला बरा. त्या नावाच्या लिंबाच्या पानांनाही आता बऱ्याच ठिकाणी ‘मक्रूट’ म्हणतात.

चुकून काही बोललं गेलं तर लांबण लावू नका. ‘सॉरी, मला याचा इथला अर्थ माहीत नव्हता’ एवढं एकदा म्हणा आणि पुढचं काम करा. ‘आमच्याकडे चालतं’ हे वाक्य तेवढं टाळा. ब्रिटिश आणि अमेरिकन दोघांनाही त्यात माफी ऐकू येत नाही. कार्यालयात सगळे शिव्या देत असले तरी लेखी काहीच नको. मेल आणि चॅट जपून ठेवले जातात, आणि सिडनीतली गंमत कंपनीच्या शिकागोच्या मनुष्यबळ विभागात वाचली जाते तेव्हा हसू सोबत जात नाही.

उलट बाजूही आहे: आपली आडनावं. दीक्षित इंग्रजी लिपीत वाचलं की दोन घाण शब्द जोडल्यासारखं दिसतं, आणि वानखेडेची पहिली चार अक्षरं ब्रिटनमध्ये हस्तमैथुनाचा शब्द. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या एका सकाळच्या कार्यक्रमात निवेदकाने दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांच्या नावावरून खिदळून घेतलं. भारत सरकारने न्यूझीलंडच्या उच्चायुक्तांना बोलावून समज दिली आणि निवेदकाला पद सोडावं लागलं. ओळख करून देताना नाव आधी स्वतः उच्चारा, ‘दीक्-शित’ असं तोडून, म्हणजे समोरचा अडखळत नाही. शाळेत मुलाला चिडवत असतील तर वर्गशिक्षकांना लेखी कळवा, तिकडच्या बऱ्याच शाळा ते वंशावरून चिडवणं म्हणून नोंदवतात. संगणकाचा त्रास वेगळाच. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने १९९६ मध्ये इंग्लंडच्या स्कन्थॉर्प गावातल्या लोकांना खातं उघडू दिलं नाही, कारण गावाच्या नावात तो ‘सी’वाला शब्द दडलाय. असे गाळणारे प्रोग्रॅम अजून आहेत. आडनावामुळे अर्ज अडकला किंवा मेल पोचत नसेल तर दुसरं स्पेलिंग घेऊ नका, पासपोर्टशी जुळणार नाही. आयटी विभागाला सांगून पत्ता परवानगीच्या यादीत घालून घ्या, आणि मेलच्या पत्त्यात आडनावाआधी नावाची दोन-तीन अक्षरं जोडा.